तेल लावायच्या आधी

"काही कळलं?" तेलबाबांनी विचारलं.

"काही म्हणजे काही नाही!" बाकावरचा म्हातारा रंगारी ओरडला. त्याच्या पायाच्या तेल चोपडलेल्या तळव्यात टाचणी अर्धी रुतलेली होती, रक्त टाचेपर्यंत ओघळत होतं, आणि म्हातारा खुशाल हसत होता. गोदामात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले, पुढच्यांनी हात जोडले, कुणीतरी हुंदके देऊन रडायलाच लागलं.

"वेदना म्हणजे कुलूप!" बाबांनी बाटली उंच धरली. "डॉक्टर कुलूप रंगवतात, मी उघडतो. जिथे विज्ञान बूट काढून उभं राहतं, तिथून माझं तेल सुरू होतं!"

याचा अर्थ बाबांनाही सांगता आला नसता. पण आवाज खणखणीत होता आणि माइक त्याहून.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या पायवालीला मात्र चैन पडत नव्हतं. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर, सारखी पुढे डोकावत होती. पायवाली हे नाव पेशंटांनी ठेवलेलं. ती फिजिओथेरपिस्ट होती, आणि मधुमेहींचे पाय तपासणं हे तिचं रोजचं काम. पुढच्या बाकावर तिचा सख्खा मामा बसला होता. तो बेकरीवाला, सगळी उमर भट्टीसमोर उभं राहून काढलेला. अंगठ्याखाली जखम झाली तेव्हा तिनेच त्याला डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला होता. "टेकला की हो म्हण," असं बजावलं होतं. मामा चिडीचूप. शेवटी वैतागून म्हणाला, "अगं, सुरू कधी करणार?"

जखमेवर भार येऊ नये म्हणून तिने त्याला खास बूट दिला. मामाने तो थोडे दिवस घातला, कुरकुरत. मग तेलबाबा भेटले. पायांची जळजळ थांबली, बूट कपाटात गेला. "बरा झालो पोरी! दुखतच नाही!" असं तो गल्लीभर सांगत सुटला. सर्जनांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की जखम हाडापर्यंत पोहोचली तर पाय कापावा लागेल. आणि आज मामा सगळ्यांसमोर तापलेल्या पत्र्यावरून अनवाणी चालून दाखवणार होता.

कोपऱ्यातल्या शेगडीवर पत्रा तापत होता. कसं थांबवायचं? हात धरून ओढलं तर मामा ऐकणाऱ्यातला नव्हता. आणि मग तिला दारावरची सेविका आठवली. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारत होती: "साखर किती वर्षांपासून?" जुने साखरवाले पुढच्या बाकावर, नवे मागे. एका कंडक्टरने पुढे बसायचा हट्ट धरला, तर "तुमची श्रद्धा अजून कच्ची आहे" म्हणून त्याला मागे पिटाळलं होतं. पायवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती गर्दीतून वाट काढत थेट पुढे गेली.

"आलीस?" मामा खूश झाला. "आता बघ तुझ्या मामाची कमाल!"

"बघते. पण आधी या बाईंचा पाय बघू दे." बाकाच्या टोकाला एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. "बाई, तेल लावलं तुम्हाला?"

"कुठलं! माझा नंबरच आला नाही अजून."

"मग डोळे मिटा. धागा टेकला की हो म्हणा."

अंगठा, चवडा, टाच. धागा टेकत होता, वाकत होता, सगळं गोदाम बघत होतं. बाई शांत.

"अहो, करा ना सुरू," बाई म्हणाल्या.

कुजबुज सुरू झाली. पायवालीने बाटली उचलली आणि मागच्या कंडक्टरला बोलावून त्याच्या तळव्याला भरपूर तेल चोपडलं. धागा नुसता टेकायचा अवकाश, तो खिदळला. "हो! हो! अहो, गुदगुल्या होतात!"

"ही कच्ची श्रद्धा!" बाबा गरजले.

"बरं, तुमची तरी पक्की ना? द्या पाय."

"माझी साधना वेगळी आहे…"

"लावा, लावा!" लोक ओरडले. रंगाऱ्यानेच बाबांच्या तळव्याला तेल चोळलं. पायवालीने टाचणी हातात घेतली मात्र, ती वीतभर दूर असतानाच बाबांनी पाय पोटाशी घेतला. गोदाम हसून हसून वाकलं.

"चमत्कार तेल लावायच्या आधीच झालेला असतो," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. आधी जळजळ होते, मग मुंग्या येतात, मग काहीच कळत नाही. यांनी फक्त तसे पाय निवडून पुढे बसवले."

मामा ताडकन उठला. "ते काही असो! मला दुखत नाही ना?" आणि तो पत्र्याकडे निघाला.

तिने त्याला खांदे धरून खाली बसवलं आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याखालच्या जखमेवरची घट्ट झालेली कातडी दाबताच पू आला, उग्र वास सुटला. बाजूला काहीतरी चमकत होतं. बाबांच्या आधीच्या कुठल्यातरी खेळातल्या टाचणीचं तुटलेलं टोक. तिने ते ओढलं नाही, वर स्वच्छ पट्टी गुंडाळली.

"मामा, ही टाचणी कधीपासून आत आहे?"

मामा बघतच राहिला. "मला… कळलंच नाही गं."

हीच गोष्ट तो इतके दिवस छाती फुगवून सांगत होता. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. त्या गडबडीत बाबांनी मागचं दार केव्हा गाठलं, तेही कुणाला कळलं नाही.

मामाचा अंगठा गेला. पाय वाचला. तिला त्या अंगठ्याची आजही हळहळ वाटते. आठवडाभर आधी ती गोदामात गेली असती तर तोही वाचला असता.

म्हणून मंडळी, साखर असेल तर रोज तळव्याखाली आरसा धरा, बोटांच्या बेचक्यांत बघा, बूट घालण्याआधी आत हात फिरवा. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं समजू नका. जखम दिसली तर ती दुखो वा न दुखो, उठा आणि दवाखाना गाठा. आणि हो, चालत जाऊ नका, गाडीने जा.