शेपटीमागे एक डबा बटाटे

माझ्या वरच्या टोकापासून चार बोटं खाली एक खाच आहे. दोरी घासून घासून ती डाव्या बाजूला जास्त खोल झाली आहे. मला वाकवणारा माणूस डावखुरा होता, एवढं जाणत्याला त्यावरून कळेल.

मित्रांनो, मी एक जुनी फासकाठी आहे. किनांगोपच्या थंड पठारावर एका वॅटलच्या झाडावर मी वाढले. गिचुही नावाच्या म्हाताऱ्याने मला कापलं, सोललं आणि आठवडाभर चुलीच्या धुरात टांगून ठेवलं. माझं काम सोपं होतं. जाड टोक जमिनीत रोवायचं, बारीक टोक वाकवून हुकोच्या बिळावर आणायचं आणि दोरीचा फास आत सोडायचा. हुको म्हणजे मातीखाली राहणारा घुशीएवढा उंदीर. दात नारिंगी, डोळे मोहरीएवढे. मला वाकवून धरणारी दुसरी दोरी बिळात आडवी असते, ती त्याला खपत नाही. तो ती कुरतडतो, मी सुटते, फास आवळतो.

वाकून बसलेल्या काठीला दुसरा उद्योग नसतो. प्रत्येक हादऱ्याचा संशय घ्यायचा. ही गाय चालली, की माणूस, की तो आला? माझा स्वभावच तसा झाला.

हुको मेला की गिचुही त्याची शेपूट कापून घरधन्याला दाखवी. शेपटीमागे एक डबा बटाटे, असा पठारावरचा रिवाज. मेलेलं जनावर कुणी बघायला मागत नसे.

अशीच मी चुचु वाकोन्योच्या रानात आले. चुचु म्हणजे आजी. तिला सगळे तसंच म्हणत. तिची थोरली सून न्याविरा हिने एक कालवड विकून अरेबिकमचे बाराशे कंद आणले होते. काळ्या डोळ्याचं पांढरं फूल येतं त्याला, ते बाजारात विकलं जातं. गोठ्यामागच्या पट्टीत तिने चाळीस ओळी लावल्या, ओळीत तीस. धाकटी सून मुगुरे हिने मूठभर कंद मागितले, तर न्याविरा म्हणाली, "आधी माझं फूल तर बघू दे." मुगुरेने मग माहेरहून दीडशे कंद आणले आणि कुंपणापलीकडे लावले.

दोघींचा डोळा वरच्या रानावर होता. तिथे चुचुचे बटाटे होते. फुलांसाठी ते रान द्या, असं दोघी वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना चुकवून सांगत. चुचुचं उत्तर दोन हंगाम एकच होतं. "चहा संपू दे, मग बघू."

तेवढ्यात ओळींत खड्डे दिसू लागले. तिसऱ्या ओळीत पाच, सातव्या ओळीत अकरा. गिचुहीला बोलावलं. दोन दिवसांत त्याने दोन शेपट्या दाखवल्या. तिसऱ्या दिवशी फास गळ्यात न बसता कमरेत बसला. गिचुहीने जिवंत जनावर उचललं, इकडेतिकडे पाहिलं, शेपूट छाटली आणि त्याला कुंपणाखाली सोडून दिलं.

"जा बाबा," तो म्हणाला. "तुझं पोट भरलं तर माझं भरेल."

जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. ज्या एका गोष्टीची खात्री होती, ती सांगायला मला तोंड नव्हतं. तिन्ही शेपट्या मोजून झाल्या, आणि मला उपटून, दोरीने तशीच वाकलेली बांधून गोठ्यात टाकली. मित्रांनो, काम झालं की काठीची दोरी सोडत जा. ताणातच ठेवलेली काठी पुढे कधी सरळ होत नाही.

कंद जातच राहिले.

"हुको तर संपले," न्याविरा चुचुला म्हणाली. "आता दोन पायांचा शोधायला हवा."

"बोट कुणाकडे आहे तुझं?"

"बोट कशाला करू? कुंपणापलीकडे पानं फार हिरवी आहेत, एवढंच म्हणते."

पलीकडून भांडी घासण्याचा आवाज थांबला. "जाऊबाई, कुंपणापलीकडे कानही आहेत," मुगुरे म्हणाली. "ये, मोजून जा. दीडशे लावले होते. एक जरी जास्त निघाला तरी सगळे घेऊन जा."

न्याविरा गेली. वाकून, ओळ धरून तिने मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"एकशे एकेचाळीस," ती हळू म्हणाली.

"नऊ कमी. आता मी कुणाचं घर धुंडाळू?"

मुगुरे गोठ्यात गेली, माझी दोरी कापली आणि माझं बारीक टोक जमिनीत खुपसत दोन्ही वाफ्यांच्या मधून चालू लागली. कुंपणाच्या मुळाशी मी कोपरभर आत गेले. खाली पोकळ होतं.

फावडं न्याविराने आणलं. दोघींनी खणलं. आधी वाळल्या गवताचं घरटं लागलं, त्याच्या शेजारी एक कोठार. त्यात कंद नीट रचून ठेवलेले होते. घरट्यातून एक लठ्ठ हुको निघाला, जवळच बाकावर बसलेल्या चुचुच्या पायांवरून धावला आणि गवतात शिरला. त्याला शेपूट नव्हती.

गिचुही त्या दिवशी बटाटे न्यायला आला होता. तिच्याबरोबर बाकावर चहा घेत होता.

"गिचुही," चुचुने विचारलं, "याची शेपूट कुठे असेल?"

"थंडी फार पडली यंदा," तो कपात बघत म्हणाला. "गळाली असेल."

"मग तुझा डबाही थंडीने गळाला म्हण." तिने बटाट्यांचा डबा आपल्या पायाशी ओढून घेतला. गिचुहीने टोपी उचलली. मला मात्र तो विसरला, किंवा मागायला धजला नाही.

न्याविरा आणि मुगुरे ढिगाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. चुचु उठून जवळ आली, कप हातातच.

"यातले नऊ मुगुरेचे आहेत," ती म्हणाली. "निवडून दे, न्याविरा."

न्याविराने एक कंद उचलला, पुसला, खाली ठेवला. दुसरा उचलला. सगळे सारखेच होते.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. मग मुगुरेकडे न बघता, "चुकलं माझं."

"जरा मोठ्याने बोल," मुगुरे म्हणाली. "कुंपणाला ऐकू गेलं नाही."

न्याविराला हसू आलं, तसं मुगुरेलाही आलं.

चुचुने कपात पाहिलं. अर्धा चहा उरला होता. तिने तो मातीवर ओतला.

"बटाटे काढून झाले की वरचं रान फुलांना," ती म्हणाली. "तुम्हा दोघींना मिळून. मधे कुंपण घालायचं नाही."