तीन दशांश

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐक.

हिरवा दिवा लागलाय. मुंगी धावपट्टीच्या टोकाला उभी आहे, हात वर करून जजना सलाम ठोकून झालाय, आणि तिकडे बाकावर बसलेल्या आजीला दिसतं की कॉलर नाहीये.

थांब, तुला कॉलर माहीत नसणार. जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्ट असतं ना, धावत येऊन त्या गादीच्या टेबलावर हात टेकवून उडी मारायची, त्याच्या पुढ्यात स्प्रिंगबोर्ड असतो. काही मुली बोर्डावर सरळ पायांनी येतात. काही मुली त्याच्या आधी कोलांटी घेऊन पाठमोऱ्या येतात, म्हणजे बोर्ड त्यांना दिसतच नाही. त्यांच्यासाठी बोर्डाभोवती नालेच्या आकाराची एक जाड गादी लावावीच लागते. तीच कॉलर. पाय चुकला तर गादीवर पडतो, नाहीतर बोर्डाच्या कडेवर. आणि मग मान, पाठ, काहीही. म्हणून नियम कडक आहे: पाठमोरी उडी आणि कॉलर नाही, तर उडी कितीही देखणी असू दे, शून्य. आणि जजनं आधी सांगायचं नसतं. ते बघत बसतात नुसते.

आता आजी कोण? चोवीस वर्षांची मुलगी गं! पण सरावाच्या हॉलमध्ये बाकीच्या जास्तीत जास्त पंधरा-सोळाच्या, त्यामुळे ही आजी. "आजी, गुडघे कसे आहेत?" "आजी, कवळी सांभाळ, उलटी होतेयस." असं दिवसभर चालायचं. ती पण कमी नाही. "नातवंडांनो, आधी तेवढा पाय सरळ करा, मग बोला." सहाव्या वर्षी आली हॉलमध्ये, घोट्याची दोन ऑपरेशनं झाली, दोनदा संघातली जागा अगदी हातातोंडाशी येऊन हुकली. एकदा घोट्यामुळे, एकदा बीमवरून, उंचावरची ती चिंचोळी पट्टी असते ना, तिच्यावरून पडली म्हणून. शाळेतल्या मैत्रिणींची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, आणि ही अजून रोज सकाळी साडेपाचला घोट्याला टेप गुंडाळत बसलेली.

आणि मुंगी म्हणजे एवढीशी, काळीसावळी, स्वतःच्या दुप्पट वजनाची गादी एकटी ओढत नेणारी. पंधरा वर्षांची. दोघी एकाच हॉलच्या, एकाच मॅडमच्या, म्हणजे कोचच्या, हाताखालच्या. आणि निवड चाचणीत पाचपैकी चार जागा ठरल्यासारख्याच होत्या, पाचव्या जागेला या दोघी. कसलं नशीब बघ!

तीन प्रकार झाले तेव्हा आजी चार दशांशांनी पुढे होती. राहिलं होतं व्हॉल्ट, आणि व्हॉल्ट म्हणजे मुंगीचं घरचं अंगण. तिची उडी अवघड, पाठमोरी. आजीची सरळ, तिला कॉलर लागत नाही. उलट समोर कॉलर असली की तिची पावलं चुकतात, म्हणून ती आपल्या उडीआधी कॉलर बाजूला काढायची.

त्यांच्या हॉलचा एक नियम होता, मॅडमनी अगदी चिमुरड्या पोरींपासून सगळ्यांना घोटून घोटून शिकवलेला: जी काढेल तीच ठेवेल. गादी असो, बोर्ड असो, पाण्याची बाटली असो. मदतनीस ठेवायला पैसे कुठे होते त्यांच्याकडे!

तर आजीनं कॉलर काढली, भिंतीशी ठेवली, आणि उडी मारली. काय उडी मारली माहितीये? सहा महिने उतरताना जे एक पाऊल पुढे पडत होतं ना, ते पडलंच नाही. पाय गादीत खिळे ठोकल्यासारखे. तिला स्वतःलाच खरं वाटेना. खाली उतरली, गुण बघितले, तोंडावर हात ठेवला, आणि तशीच तरंगत बाकावर जाऊन बसली.

आणि विसरली.

अठरा वर्षांत पहिल्यांदा विसरली बघ. मॅडम त्या वेळी बीमजवळ दुसऱ्या एका पोरीच्या घोट्याला बर्फ लावत होत्या, त्यांची पाठ होती. मुंगी खाली मान घालून पावलं मोजत होती, आणि पंचवीस मीटरवरून निळ्या गादीवर निळी कॉलर आहे की नाही, कोणाला कळणार?

दिवा हिरवा झाला. तीस सेकंदांत पळायला लागायचं असतं. घड्याळ उलटं चालू झालं.

आणि आजी बसून राहिली.

हो, बसून राहिली! खोटं कशाला सांगू? तिला दिसलं, लख्ख दिसलं, आणि पाय उठेनात. डोक्यात काय काय येऊन गेलं असेल. मुंगी शून्य, मी संघात. मी काही केलेलं नाहीये, मी फक्त विसरलेय. मॅडम बघतील. जज बघतील. ती लहान आहे, तिला अजून तीन चाचण्या मिळतील, मला एकही नाही. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. मग मुंगीनं पायाच्या अंगठ्यावर वजन घेतलं. पळायच्या आधी ती नेहमी तसं करते. घड्याळात एकोणीस होते.

"मुंगे!" आजी किंचाळली. फ्लोअरवर कोणाच्या तरी कसरतीचं संगीत ढणाणा वाजत होतं, कोण ऐकतंय? मग ती सरळ पळाली. बाकावरून उडी, भिंतीशी, कॉलर उचलली, धावपट्टीवर चढली आणि बोर्डाभोवती धाडकन बसवली. नीट दाबली. एक टोक वाकडं होतं, तेही सरळ केलं. मग मुंगीकडे बघून हात केला, ये.

मुंगीचा चेहरा पांढराफटक. पण पोरगी पळाली बरं का! घड्याळात सहा सेकंद उरले होते, पळाली, आणि आयुष्यातली बेस्ट उडी मारली.

आता हिशेब बघ. उडीत मुंगीनं तीन दशांश भरून काढले, म्हणजे आजी तरी एका दशांशानं पुढेच. पण हिरवा दिवा लागल्यावर दुसऱ्या खेळाडूनं धावपट्टीवर पाय ठेवला तर तिचे तीन दशांश कापतात. कापले. मुंगी दोन दशांशांनी वर. उतरताना दोन छोटी पावलं पडली की जातात तेवढेच गं ते!

आणि वर तमाशा. मुंगीची आई गॅलरीतून जी खाली आली ती थेट अधिकाऱ्यांच्या टेबलावर.

"माझ्या पोरीची मान मोडली असती! मुद्दाम काढून ठेवली होती तिनं!"

"आई, तिनंच तर आणून लावली," मुंगी तिचा हात ओढत होती.

"तू गप्प बस! काढली पण तिनंच ना?"

अधिकारी बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, चौकशी होईल, कोचचीसुद्धा. आणि आजीच्या हातात एक फॉर्म दिला. "तुमचे गुण कापलेत, तुम्हाला अपील करता येतं. अर्धा तास आहे. सामान नीट लावायची जबाबदारी नियमानं कोचची असते. कोचची चूक असेल तर तुमचे गुण परत मिळतील, आणि कोचवर दोन वर्षांची बंदी."

कळलं ना तुला? एक ओळ लिहायची, कोचनं कॉलर लावली नाही. नियमानं खोटंसुद्धा नाही ते! एक ओळ, आणि ती संघात.

मॅडम तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेल्या. मॅडम म्हणजे जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात शिट्टी, आणि बोलणं असं की दगडाला घाम फुटावा.

"लिही," म्हणाल्या.

"मॅडम..."

"लिही म्हटलं ना. माझं लक्ष नव्हतं. खरंच आहे."

"कॉलर मी काढली होती."

"मग? मी कशाला आहे? शिट्टी वाजवायला?"

"दोन वर्षं तुम्हाला हॉलमध्ये पाय ठेवता येणार नाही. अकरा मुली आहेत."

"मला शिकवू नकोस. तुझ्या घोट्यात स्क्रू घातले तेव्हा दवाखान्यात तुझ्याजवळ कोण बसलं होतं? अठरा वर्षं मी काय तुझे केस विंचरायला येत होते?" एवढं बोलल्या आणि तोंड फिरवून चष्मा पुसायला लागल्या. मॅडमना चष्मा पुसताना आजीनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आजी बाहेर जिन्यात गेली आणि बाबांना फोन लावला. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात.

"बोल, लिफ्टच्या डोक्यावर बसलोय. जिंकलीस?"

तिनं सगळं सांगितलं. बसून राहिली होती तेही सांगितलं. ते बाकी कोणालाच सांगितलं नव्हतं तिनं.

ठाकठूक करता करता बाबा म्हणाले, "किती वेळ बसलीस?"

"अकरा सेकंद."

"आणि मग उठलीस?"

"हो."

"मग उठलीस ते धर की. अकराचं काय घेऊन बसलीस?"

"बाबा, मला जायचंय हो. मला खूप जायचंय."

"मग जा."

"असं काय बोलता?"

"मग काय बोलू? हो म्हटलं तर चिडशील, नको म्हटलं तर चिडशील. मी लिफ्टवाला आहे बाळा. बटण तुझं तू दाबायचं." आणि खाली कोणावर तरी ओरडले, "अहो काकू, दोन मिनिटं जिन्यानं चढलात तर काही झिजणार नाही तुम्ही!"

आजी रडता रडता फस्सकन हसली.

मग तिथंच पायरीवर बसून तिनं फॉर्म भरला. पेन चालेना, मांडीवर घासून घासून चालवलं. लिहिलं: कॉलर माझ्या उडीसाठी मी काढली. आमच्या हॉलमध्ये जी काढते तिनंच परत ठेवायची असते. मी विसरले. मॅडम तेव्हा जखमी मुलीजवळ होत्या. त्यांचा संबंध नाही.

खाली सही.

अधिकारी बाईंनी दोनदा वाचलं. "अहो, हे अपील आहे का कबुली?"

"रकाना एकच होता," आजी म्हणाली.

"असं लिहून तुमचे गुण परत मिळणार नाहीत, कळतंय ना?"

"कळतंय."

"बदलायचं असेल तर अजून आठ मिनिटं आहेत."

"नको. शिक्का मारा."

मारला. मॅडमवरची चौकशी तिथंच संपली. मॅडमना कळलं तेव्हा त्या एवढ्या भडकल्या, एवढ्या भडकल्या! मग एवढंच म्हणाल्या, "गाढव आहेस."

"उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या सुट्टी आहे."

"मी विचारलं, किती वाजता?"

"पुढची चाचणी दोन वर्षांनी आहे. सव्वीस होशील."

"मग पणजी म्हणतील. म्हणू देत."

संघ जाहीर झाला. पाच जणी पुढे, बाकीच्या मागे रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवणार, अशी पद्धत असते. आजी रांगेच्या शेवटी, मोज्यांवर. मुंगीचं नाव आलं तेव्हा मुंगी पुढे जाईना, मागेच वळून बघत राहिली. आजीनं ओठांनी सांगितलं, जा ना, मठ्ठ. आणि टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, नाटक म्हणून नाही बरं का.

मग गर्दी पांगली. कामगार आले, गाद्या गुंडाळायला लागले, बार्सच्या दांड्यांच्या तारा सोडल्या. त्यांतले दोघं बीमकडे निघाले तशी आजी त्यांच्याजवळ गेली.

"दादा, हा शेवटी काढता का?"

"ताई, स्पर्धा संपली."

"हो, ही संपली."

त्या माणसानं तिच्याकडे बघितलं, मग आपल्या जोडीदाराकडे, आणि दोघं दुसरीकडचे खुंट सोडायला गेले.

तिनं हाताला पावडर लावली आणि चढली. दहा सेंटिमीटर रुंद असतो बीम. तुझ्या त्या वहीपेक्षाही अरुंद. दिवे निम्मे विझवलेले, जज नाहीत, कोणी नाही. दीड मिनिटाचं अख्खं सादरीकरण तिनं केलं. एका गिरकीत हलली, सावरली. खाली आली, आणि मानेनंच नाही म्हणाली. पुन्हा चढली. पुन्हा पहिल्यापासून. आता कामगारांचे हात थांबले होते. खांद्यावर गुंडाळलेल्या गाद्या घेऊन ते तसेच उभे. या वेळी गिरकी सुतासारखी सरळ झाली. उतरली, दोन्ही हात वर केले, रिकाम्या टेबलांकडे तोंड करून, खाली घेतले.

"घ्या दादा, झालं माझं," म्हणाली, आणि बीमचं एक टोक तिनंच उचलायला धरलं.

आता खरं सांग हं, लगेच चांगलं चांगलं बोलू नकोस. अठरा वर्षं, तो फॉर्म, समोर मॅडम स्वतः म्हणतायत लिही, आणि अजून आठ मिनिटं हातात आहेत. तू असतीस तर काय लिहिलं असतंस?