चालताबोलता नमुना

पन्नाशी उलटली, केस पिकले, नाकावर चष्मा येऊन बसला, तरी गल्लीतल्या लोकांसाठी तो बारक्याच राहिला. थोरला भाऊ धडधाकट असला की धाकट्याला मोठं व्हायला जागाच मिळत नाही. बारक्याला त्याचं काही वाटत नसे. कामात तो दादाच्या कितीतरी पुढे निघून गेला होता आणि हे दादाच चारचौघांत कौतुकाने सांगत फिरायचा.

दोघांचं पट्ट्यांचं दुकान होतं. कंबरेचे, मानेचे, गुडघ्याचे सगळे पट्टे ते शिवत, पण नाव होतं ते हर्नियाच्या पट्ट्याचं. जांघेत गाठ उतरते, खोकलं की बाहेर येते, आडवं पडलं की आत जाते, अशी माणसं ऑपरेशनच्या धास्तीने त्यांच्याकडे येत. बारक्या माणसाला मागच्या खोलीतल्या लाकडी टेबलावर निजवायचा, गुडघे दुमडायला लावायचा, बोटांनी हळूहळू गाठ आत सारायचा आणि मग माप घ्यायचा. पोलादाची पातळ पट्टी कंबरेच्या वळणाप्रमाणे वाकवायची, तिला लोकरीचा जाड नमदा गुंडाळायचा, वर मऊ चामडं शिवायचं आणि टोकाची गादी बरोबर त्या कच्च्या जागेवर बसवायची. बाजारात इलॅस्टिकचे तयार पट्टे आले तेव्हा तो म्हणाला होता, "त्याला पट्टा कोण म्हणतं? तो लंगोट आहे."

आणि या सगळ्या धंद्याचा पुरावा म्हणजे दादा. दादाला उजव्या बाजूला हर्निया होता. बारक्याने बनवलेला पट्टा तो वर्षानुवर्षं घालत होता. नवं गिऱ्हाईक बिचकत दारात उभं राहिलं की दादा सदरा वर करायचा, पट्टा दाखवायचा आणि कोपऱ्यातली चामड्याची गुंडाळी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायचा. "बघा, काही होतंय का? मी या दुकानाचा चालताबोलता नमुना आहे!" गिऱ्हाईक हसायचं, आणि हसलेलं गिऱ्हाईक सहसा परत जात नाही.

वहिनीला हा तमाशा मुळीच आवडत नसे. "एकदाचं ऑपरेशन करून टाका," ती जेवताना म्हणायची. "लोक चार दिवसांत घरी येतात. तुम्ही काय जन्मभर कंबरेला जू बांधून हिंडणार?"

दादा बारक्याकडे बघायचा. बारक्या ताटाकडे बघत म्हणायचा, "वहिनी, दुकानातला नमुनाच दवाखान्यात गेला तर गिऱ्हाईक माझ्याकडे कशाला येईल?" तो हे थट्टेत म्हणायचा, तरी त्याचं म्हणणं तेच होतं, आणि दादाला ते कळायचं. विषय तिथेच मिटायचा. वहिनी या घरात आली तेव्हा बारक्या शाळेत जात होता. आई-वडील गेलेले. तिला पुढे मूल झालं नाही आणि बारक्याने लग्न केलं नाही. जी काही माया होती ती या तिघांतच फिरत राहिली. तिघं दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत.

त्या दिवशी सकाळी दादा चहा अर्धाच टाकून खाली आला. बेंबीजवळ दुखत होतं, मळमळत होतं. "रात्री जास्त झालं जेवण," म्हणाला. पण थोड्या वेळाने तो भिंतीला धरून मागच्या खोलीत आला आणि टेबलावर कलंडला. दुखणं आता खाली उजवीकडे सरकलं होतं. बारक्याने पट्टा सोडला. गाठ बाहेर आली होती. नेहमीसारखी मऊ नव्हती. टणक होती, लाल होती आणि हाताला चटका बसावा इतकी तापलेली होती.

आता खरं सांगायचं तर अशा गाठीचं काय करायचं, हे बारक्याला पक्कं ठाऊक होतं. अशी गाठ घेऊन आलेल्या परक्या माणसांना त्याने कितीदा दारातूनच परत पाठवलं होतं. "हिला मी हात लावणार नाही. रिक्षा करा आणि सरळ दवाखाना गाठा." एकाला तर तो स्वतः रिक्षात बसवून आला होता. परक्याला शहाणपण सांगायला काय जातं!

पण बाहेरच्या बाकावर एक ड्रायव्हर बसला होता. लांबून आला होता, कुणीतरी दुकानाचं नाव सांगितलं म्हणून. त्याला नमुना बघायचा होता. नमुना आत टेबलावर कळांनी तळमळत होता.

"जाईल का रे?" दादाने विचारलं.

"न जायला काय झालं?" बारक्या म्हणाला. "श्वास सोड. पाय ढिले सोड."

त्याने दाबलं. गेली नाही. त्याने तळहाताचा जोर लावला. दादा असा ओरडला की बाहेरचा ड्रायव्हर उठून उभा राहिला. वहिनी बाजारात गेली होती, म्हणून तिच्या कानी पडलं नाही. मग हाताखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि गाठ आत गेली. दादाच्या कपाळावर घाम फुटला होता, पण चेहरा मोकळा झाला.

"गेली रे. हलकं वाटलं एकदम," तो म्हणाला. "तुझ्या हाताला तोड नाही."

बारक्याने पट्टा नेहमीपेक्षा एक भोक जास्त आवळला. दादा उठला, सदरा झाडला, बाहेर गेला आणि ड्रायव्हरला पट्टा दाखवला. गुंडाळी मात्र उचलली नाही. ड्रायव्हरने माप दिलं. बारक्याला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला. नंतर हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त बोचणार होती.

दुपारी दादाला हुडहुडी भरली. संध्याकाळी ताप चढला. "पोट बिघडलंय," तो म्हणाला, आणि वहिनीने मऊ भात केला तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली, नवऱ्याला बसवलं आणि दिराला म्हणाली, "येतोस का मी जाऊ एकटी?"

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. घाई नव्हती त्यांना, सगळं नीट विचारत होत्या. पोटावर बोटं ठेवून बघितलं, जांघेपाशी बघितलं. तिथे गाठ नव्हती. पट्ट्याचा लाल वळ होता.

"हर्निया आहे ना? काल-परवा गाठ बाहेर येऊन अडकली होती का? कुणी जोर लावून आत ढकलली का?"

वहिनी खाटेच्या उशाशी उभी होती. तिने दिराकडे बघितलं, कारण हर्नियाचं सगळं त्यालाच माहीत. बारक्याच्या तोंडून शब्द निघाला तो त्याने ठरवून काढला नव्हता.

"नाही. आपोआपच जाते त्यांची."

डॉक्टरीणबाईंनी दादाला विचारलं, "काका, तुम्ही सांगा. कुणी दाबलं का?"

दादाने डोळे उघडले. बारक्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग म्हणाला, "नाही. कुणी नाही."

बाईंनी मान हलवली. गाठ अडकलेली नसेल तर दुखणं दुसरीकडचं. पोटाचा संसर्ग वाटतोय, सलाईन लावू, रक्त तपासू, ताप उतरतोय का बघू. त्यांना जे सांगितलं त्यावरून त्या दुसरं काय करणार होत्या?

वहिनी पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा बारक्या खाटेवर वाकला. "दादा, सांगू का त्यांना? कालचं?"

"काय सांगणार?" दादाचे ओठ कोरडे पडले होते. "उद्या गावभर होईल, पट्टेवाल्याने स्वतःच्या भावालाच आडवा केला म्हणून. दुकान बसेल तुझं. झाकली मूठ राहू दे. उतरेल ताप." जरा थांबून तो पुढे म्हणाला, "आणि तुझ्या वहिनीला बोलू नकोस. जन्मभर ऐकवत बसेल तुला."

बारक्याला हायसं वाटलं. थोरल्याने परवानगी दिली होती. लहानपणी काच फुटली की दादा "माझ्याकडून फुटली" म्हणायचा आणि बारक्या मागे उभा राहायचा, अगदी तसंच. तो खाटेशेजारी बसून राहिला, दादाच्या पायावरून हात फिरवत. एकदा उठून दारापर्यंत गेला. डॉक्टरीणबाई समोरच दुसऱ्या पेशंटशी बोलत होत्या. तो परत येऊन बसला.

दिवस कलता कलता दादाचं पोट फळीसारखं कडक झालं. मग धावपळ सुरू झाली. पोटाचा फोटो काढला, मोठ्या सर्जनना बोलावलं, सही घेतली आणि दादाला आत नेलं. जाताना त्याचे डोळे मिटलेलेच होते.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. त्यांनी सोप्या शब्दांत समजावलं. अपेंडिक्स, म्हणजे आतड्याची ती छोटी शेपटी, सगळ्यांची पोटात असते. यांची हर्नियातून खाली उतरून त्या गाठीत जाऊन बसली होती. फार क्वचित होतं असं. तिथेच ती सुजली, तिथेच पू झाला. "गाठ बाहेर होती तोवर तो पू त्या पिशवीत कोंडलेला होता. तशीच गाठ घेऊन आले असते तर खालच्या खाली निपटलं असतं. पण ती आत ढकलली गेली आणि अपेंडिक्स पोटात फुटली. सगळ्या पोटात पसरलंय. आम्ही धुऊन काढलंय, पण उशीर झालाय." मग त्यांनी दोघांकडे बघून विचारलं, "जोर लावल्याशिवाय हे होत नाही. कुणी दाबलं होतं?"

वहिनी म्हणाली, "माहीत नाही हो."

दादा शुद्धीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

कागदपत्रं होईपर्यंत दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. समोरून लोक फळांच्या पिशव्या घेऊन जात-येत होते. वहिनी आधी नुसती बसून होती. मग रडायला लागली, आणि रडता रडता तिला राग आला, मेलेल्या माणसाचाच राग.

"स्वतःच दाबली असणार," ती म्हणाली. "मला न सांगता. कधी ऐकलं का माझं? माझ्यापाशी बोलायला काय झालं होतं? स्वतःच्या हाताने मरण ओढवून घेतलं आणि मला असं टाकून गेले. बेअक्कल माणूस! आयुष्यभर बेअक्कलच राहिले!" आणि तिने बारक्याचा हात घट्ट धरला. "तुला कळलं असतं तर तू आधीच आणलं असतंस रे त्यांना. तुला तरी सांगायचं होतं."

गप्प बसला असता तर प्रश्नच नव्हता. दादाने तशी सोय करून ठेवली होती. पण दादाला बेअक्कल म्हटलेलं बारक्याला ऐकवेना. जिवंतपणी त्याच्या मागे लपला, आता मेल्यावरही त्याच्याच मागे लपायचं, एवढा नीच तो नव्हता. किंवा होता, पण त्याला आता ते सोसेना.

"वहिनी, त्याने नाही दाबली. मी दाबली."

तिने हात सोडला नाही. तिला बहुतेक आधी नीट कळलंच नाही.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तू तिथेच होतास," ती सावकाश म्हणाली.

"होतो."

"आणि हे शुद्धीवर होते."

"हो."

"मग हे का नाही बोलले?"

"माझ्यासाठी. मी नंतर विचारलं त्याला, सांगू का म्हणून. नको म्हणाला. दुकान बसेल म्हणाला. एवढं वाढेल असं त्याला वाटलं नव्हतं, वहिनी. आईशप्पथ, मलाही नव्हतं वाटलं. तू मार मला. काय हवं ते बोल."

आता तिने हात काढून घेतला. तिने मारलं नाही, शिवीही दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्यांनी एक शब्द बोलायचा होता," ती म्हणाली. "बोलले असते तर तुझं नाव गेलं असतं. नाही बोलले तर मी मागे उरणार होते, एकटी. बाकी काही नाही रे. फक्त एवढं सांग मला. तेव्हा माझी आठवण झाली का त्यांना?"

बारक्याने खूप आठवून पाहिलं. खाटेवर वाकून दोघं जे कुजबुजले, त्यात वहिनीचा विषय एकदाच निघाला होता, आणि तोही तिला काही कळू द्यायचं नाही म्हणून.