सहा पाट्या कोळसा

कचरू कोळसा चोरतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माणूस फार नम्र झाला की मी खिसे चाचपतो, आणि कचरू मला पाहिलं की दोन्ही हातांनी रामराम घालायचा.

जालन्याच्या आमच्या जिनिंगात अवकाळीनं भिजलेला कापूस वाळवायची एक खोली होती. भट्टीवर तापलेली हवा लोखंडी नळातून तिच्यात जायची. भट्टी कचरूकडे. तो तीर्थपुरीचा, वीस वर्षांचा जुना माणूस. मी हैदराबादेहून इंजिनियर होऊन आलेला, तीन महिन्यांचा नवा, आणि डोक्यात हवा गेलेला.

तितक्याच वजनाच्या पाण्याला लागते त्याच्या पाव उष्णतेत हवा तापते, हे मला पाठ होतं. नकाशावरून खोली मोजली, आतल्या हवेचं वजन काढलं. मूठभर कोळसा पुरे! ओला कापूस, गळकी भट्टी, सगळं सढळ हातानं धरूनही दिवसाला दोन पाट्या झाल्या. कचरू सहा घालायचा. मग चार जात होत्या कुठे?

मी पाळत ठेवली. दुपारी त्याची बायको नंदाबाई भाकरी घेऊन यायची. आधी खोलीच्या मागे जायची, मग भट्टीकडे. परतताना डोईवरची टोपली फडक्यानं झाकलेली. म्हटलं, सापडला चोर.

सगळ्यांदेखत मी मुकादमाकरवी ताटात बेलभंडारा मागवला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन खोटं बोलायची आमच्याकडे भल्याभल्यांची छाती होत नाही.

"कारखान्यातलं काहीच घेतलं नाही, एवढं म्हण आणि उचल," मी म्हणालो.

कचरूनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "कोळसा न्हाई घेतला, साहेब. पण काहीच न्हाई, असं कसं म्हनू?"

"मग उद्यापासून येऊ नकोस." खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

नंदाबाई तिथंच उभी होती. ती रडली नाही, भडकली. "चला, दाखविते चोरी," म्हणत तिनं मला खोलीमागे नेलं. तिथं मी कधी गेलोच नव्हतो. भिंतीत वर एक झरोका, आणि त्याच्यापुढे फळीवर लाल मिरच्या पसरलेल्या.

"आभाळामुळं वाळंनात. इथली ऊन हवा फुकट जाऊन राह्यली, म्हून ठिवल्या. पण हवा बी कारखान्याचीच ना! म्हून त्यांचा हात मागं आला."

मी झरोक्यापाशी हात नेला. गरम, दमट हवा सारखी बाहेर पडत होती. जेवढी जाईल तेवढी थंड हवा भट्टीला नव्यानं तापवावी लागणार. मी खोलीभर हवा एकदाच तापवली होती. कचरू दिवसभर तापवत होता.

"वली हवा भायेर गेली न्हाई तर कापूस वाळंल कसा, साहेब?" मागे येऊन उभा राहिलेला कचरू हळूच म्हणाला.

"जा, भट्टी विझेल," म्हणत मी हात खिशात घातले.

बेलभंडाऱ्याचं ताट घेऊन मुकादमही मागे आला होता. नंदाबाईनं ते त्याच्या हातून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "आता तुमी उचला, साहेब. म्हना, माझा हिसाब बराबर होता."

माझा हात खिशातून निघाला नाही.