हिरव्या खांबांचा हिवाळा

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी बिडाची शेगडी आहे. जुनी, जाड, चार पायांची, आणि एका कुशीला आरपार तडा गेलेली. तो तडा कसा गेला तेच सांगायचंय. पण मधूनच सुरू केलं तर म्हणाल, हिचं डोकंपण तडकलंय. म्हणून पहिल्यापासून सांगते.

लॉन्सेस्टनच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी जन्मले. वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला, गार झाला, घासला, झाली शेगडी. अल्बी कॉर्बेट नावाच्या माणसाने मला घेतलं आणि दोर बांधून ट्रकवरून ह्यूऑन नदीच्या वरच्या अंगाला, त्याच्या फळ्यांच्या घरात आणलं. त्याचं नुकतंच मर्लशी लग्न झालं होतं. घरात खुर्च्या दोन, पलंग एक आणि मी. बाकी नुसता वारा. फळ्यांच्या फटीतून आत यायचा आणि फिरून फिरून तिथेच बसायचा. मी पहिल्यांदा पेटले तेव्हा मर्लने बूट काढले, पाय माझ्याकडे केले आणि म्हणाली, "आता हे घर झालं."

एवढं कौतुक मला पुढं कधी मिळालं नाही. पण ते एकच पुष्कळ होतं.

मग मी राबले. आमच्या या दक्षिण टोकाला जुलै म्हणजे ऐन हिवाळा. बाहेर नळ गोठायचा आणि माझ्या डोक्यावर सूप रटरटायचं. समोरच्या दांडीवर मोजे वाळायचे. गारठून पडलेली कोकरं अल्बी कोटात गुंडाळून आणायचा, माझ्यासमोर खोक्यात ठेवायचा. काही जगायची. काही नाही. त्यांचा पोरगा गार्थ माझ्या उबेतच रांगायला शिकला. एकदा मला हात लावून भाजला, मग आयुष्यभर शहाणा झाला.

अल्बीचा एक कायदा होता. निलगिरीचं लाकूड तोडायचं, फोडायचं, दोन उन्हाळे वाळवायचं, मगच माझ्या पोटात घालायचं. ओलं लाकूड आणलंस तर घरी येऊ नकोस, असं गार्थला म्हणायचा. लाकूड वाळलंय का हे बघायला दोन ढलप्या एकमेकांवर आपटायचा. ठप्प वाजलं की ओलं. टण्ण वाजलं की झालं. जितकं जुनं तितकं चांगलं, हे त्याने पोराच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं.

अल्बी गेला. गार्थने विजेचा हीटर आणला. बटण दाबलं की ऊब. राख नाही, धूर नाही, लाकडं फोडणं नाही. माझ्या डोक्यावर एक प्लास्टिकचं फूल आलं. मित्रांनो, तुमच्या डोक्यावर कुणी प्लास्टिकचं फूल ठेवून तुम्हाला विसरून जाऊ दे, मग बोला.

किती हिवाळे गेले मोजले नाहीत. मग एक हिवाळा असा आला की विजेचं बिल बघून गार्थची बायको रेलीन खुर्चीतच बसली.

"हे आपलंच आहे ना? का शेजाऱ्याचं पण यातच घातलंय?"

गार्थ उठला, माझ्या डोक्यावरचं फूल कचऱ्यात टाकलं आणि धुराडं झाडायला छपरावर चढला. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पण अल्बीची लाकडाची रास कधीच संपली होती. त्या वर्षी लाकूड सगळ्यांनाच पाहिजे होतं, आणि विकणारे ओलंच गळ्यात मारत होते. गार्थ द्राक्षमळ्यात कामाला होता. मालकाने वेलींच्या जुन्या ओळी उपटल्या होत्या आणि त्यांना आधार देणाऱ्या खांबांचा ढीग कुंपणाशी पडला होता. पाहिजे तर घेऊन जा, म्हणाला. गार्थने दोन खांब उचलून एकमेकांवर आपटले.

टण्ण.

घरी आला तेव्हा चेहरा असा, की जत्रेत बक्षीस मिळालंय. "आई, वीस वर्षं उन्हात उभे होते हे! खडखडीत. बाबा असता तर नाचला असता."

मर्लनेही ठोकून बघितलं. "त्याने तर तुझा मुका घेतला असता," ती म्हणाली.

दोघांचं काय चुकलं तर काहीच नाही. जे शिकवलं होतं तेच केलं. पण बापाने शिकवलं होतं रानातल्या लाकडाचं. हे खांब जमिनीत कुजू नयेत, त्यांना वाळवी लागू नये म्हणून त्यांना विष पाजलेलं होतं. वरून करडे दिसायचे. करवतीने कापले की आत हिरवट. गार्थने तो हिरवा रंग बघितला, त्याला बघताना मी बघितलं, आणि त्याला वाटलं शेवाळ असेल.

पहिला तुकडा आत आला तेव्हाच मला कळलं. ज्वाळेची कड हिरवी झाली. चांगलं लाकूड जळून जातं. यातलं काहीतरी जळतच नव्हतं, खाली राखेत बसत होतं. मला ओरडायचं होतं. पण शेगडी कशी ओरडणार? जे घालतील ते गिळायचं, हा माझा धंदा.

आणि घरात ब्रायनी होती. गार्थ-रेलीनची चार वर्षांची पोरगी. दिवसभर माझ्यासमोरच्या गालिच्यावर पसरलेली.

मर्लची जुनी सवय, राख फेकायची नाही. डबा भरला की खुराड्यात ओतायची. कोंबड्या राखेत लोळल्या की पिसवा मरतात. आमच्याकडे सगळेच करतात. ब्रायनी मागे मागे जायची. कोंबड्या लोळल्या की ही पण बसायची, राखेत बोटं घालून त्यांना अंघोळ घालायची, मग तीच बोटं तोंडात.

आधी पोरीचं पोट दुखायला लागलं. मग उलट्या.

"शाळेतल्या पोरांकडून आलंय काहीतरी," गार्थ म्हणाला.

"शाळेत जाते का ती?" रेलीन फणकारली. "बोलायचं म्हणून बोलतोस?"

"मग सर्दी. इथे आण तिला, शेगडीजवळ झोपव. उबेत बरं वाटेल."

आणि तिला माझ्या आणखी जवळ आणलं. पांघरुणात गुंडाळून, अगदी कोकरासारखी. गार्थने प्रेमाने एक खांब आणखी घातला. मित्रांनो, माझ्या जन्मात मी तेवढ्या मनापासून कधी विझायला बघितलं नव्हतं. पण खडखडीत लाकूड विझत नसतं.

मग एका सकाळी मर्ल खुराड्याकडून रिकाम्या हाताने आली.

"मेल्या."

"कोण?" रेलीन दचकली.

"कोंबड्या. सगळ्या."

"क्वोल आला असेल डोंगरावरून," गार्थ बूट चढवत म्हणाला. क्वोल म्हणजे आमच्याकडचं मांजराएवढं, कोंबड्या मारणारं रानटी जनावर.

"मला क्वोल शिकवतोस? क्वोल मान तोडतो. रक्त नाही, पीस उडालेलं नाही. राखेतच पडल्यात, झोपल्यासारख्या."

गार्थ कामाला गेला. रेलीनने पोरीकडे बघितलं. पोरगी उठून बसत नव्हती. तिने तिला तसंच उचललं आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

परत आली ती एकटीच आत आली. दार उघडंच टाकलं. गाडी बाहेर चालू होती.

"आई, बाहेर व्हा."

"अगं पण काय म्हणाले?"

"नर्सने विचारलं, घर कशाने गरम ठेवता. मी म्हटलं लाकूड, फुकट मिळालंय. ऐट होती मला! म्हणाली, कसलं लाकूड? म्हटलं मळ्यातले खांब. तिने पेनच खाली ठेवलं." रेलीनने मर्लचा कोट खुंटीवरून ओढला. "विष आहे त्यात, आई. धुरात आहे, राखेत आहे. होबार्टच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय आत्ताच्या आत्ता. तुम्ही गाडीत बसा तिच्याजवळ."

मर्ल खुर्चीला धरून उठली. "राख मी ओतली," एवढंच म्हणाली. रेलीनने तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग ती बादली घेऊन आली. माझं दार उघडलं. मी लालबुंद होते. आणि तिने बादलीभर बर्फासारखं पाणी माझ्या पोटात फेकलं.

जोरात आवाज झाला. तो माझा होता. बीड तापलेलं असताना पाणी ओततात का? नाही ओतत, तिलाही माहीत होतं. पण तिच्या जागी मी असते तर मीही ओतलं असतं. वाफ आणि राख घरभर उडाली, ती तोंडावर हात धरून पळाली, आणि मी गार पडत गेले, कुशीला आरपार तडा घेऊन.

मग घर रिकामं. पोरगी जगली का मेली, शेगडीला कोण सांगणार? गार्थ एकदा येऊन गेला. तोंडाला कापड बांधून त्याने राख भरून नेली, ओल्या फडक्याने भिंती पुसल्या, गालिचा गुंडाळून नेला, खांबांवर ताडपत्री टाकली. पुसताना मधेच थांबायचा, परत पुसायचा.

शेवटी मर्ल आणि तो दोघं आले. मर्लच्या चालण्यावरूनच मला कळलं, पोरगी जगली. तरी ती बोलली, मला बरं वाटावं म्हणून नव्हे, घराला ऐकू जावं म्हणून.

"जेवली. नर्सवर डाफरलीसुद्धा. उद्या सोडतायत."

गार्थने खोलीकडे बघितलं. तोंडातून वाफ येत होती. "आई, एवढ्या गारठ्यात आणायचं तिला? दवाखान्यातनं?"

"विजेचा हीटर लाव."

"त्याने ही खोली तापायला आठवडा लागेल. बिल वेगळंच." तो माझ्यासमोर बसला. शेजाऱ्याने दिलेलं चांगलं निलगिरीचं लाकूड आणलं होतं, आणि तडा बुजवायला भट्टीचं सिमेंट. बोटाने नीट लिंपलं. "एवढं एकदा चाल," मला म्हणाला.

खोटं कशाला बोलू, मला पेटायचं होतं. स्वच्छ लाकूड, टण्ण वाजणारं. पोरगी घरी येणार, आणि मी तिला ऊब देणार. ते सगळं विष मला एकदा धुऊन काढायचं होतं.

काडी लागली. जाळ चढला. मी तापले, फुगले, आणि तड्यातलं सिमेंट चर्रकन सुटून जमिनीवर पडलं. तिथून धूर आला. बारीक, निळसर, सरळ खोलीत. पोरीची चटई टाकली होती तिकडेच.

मी तो धूर आवरू शकत नव्हते. आणि आवरायचाही नव्हता. तो दिसला तरच हे मला पेटवायचं थांबणार होते.

गार्थ खोकला. सिमेंटचा दुसरा गोळा घेऊन लिंपायला गेला.

"सोड," मर्ल म्हणाली.

"अजून एकदा बघतो."

"गार्थ. शेगडीच नको म्हणतेय. ऐक की तिचं."

तो गोळा हातात धरून बसून राहिला. मग बादली घेतली, चिमट्याने एकेक निखारा काढला आणि बाहेर ओल्या गवतात नेऊन टाकला. हीटर लावला. बिल येईल तेव्हा रडू, म्हणाला, आणि नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी ब्रायनी आली. टोपीखाली केस विरळ झालेले. कोट न काढताच माझ्याकडे आली आणि दोन्ही तळवे माझ्या अंगावर ठेवले.

"गार आहे ही," तिने तक्रार केली.

"असू दे," गार्थ म्हणाला. आणि हीटर तिच्याजवळ ओढला.

मित्रांनो, लाकूड जाळा. पैसे वाचवा, त्यात लाज नाही, मी जन्मभर तेच केलं. पण फुकट मिळालेलं लाकूड पेटवण्याआधी चिरून बघा. हिरवट असेल, रंग दिलेला असेल, औषध पाजलेलं असेल, तर थंडीत कुडकुडा पण ते जाळू नका, त्याची राख कोंबड्यांना घालू नका, झाडांना घालू नका. आम्ही शेगड्या घालाल ते गिळतो. मला नको म्हणायला फुटावं लागलं. तुम्हाला नुसतं तोंड उघडायचंय.