दांड्याखालची जागा

दारामागच्या कोपऱ्यात, छत्र्यांच्या शेजारी मला उभी पाहून तुम्ही म्हणाल, ही कुणा आजोबांची चालायची काठी. मित्रांनो, एवढ्यावर माझी किंमत करू नका. मी एक जुनी टेकूची काठी आहे. पालखी वाहणारे दम खायला थांबतात तेव्हा पालखीचा दांडा माझ्या डोक्यावर टेकवतात. माणसांचे खांदे मोकळे होतात, कुणी पाणी पितो, कुणी घाम पुसतो, आणि तेवढा वेळ देवी माझ्या भरवशावर असते. काठीच्या जातीला याहून मोठा मान मिळत नाही.

माझा जन्म तळोज्याजवळच्या नावडे गावचा. गोटीरामांच्या भातशेताच्या बांधावर एक बाभूळ होती, तिची मी बेचक्याची फांदी. शेतावर इमारती उठणार हे नक्की झाले, तेव्हा गोटीरामांनी कोयत्याने मला उतरवून घरी आणले. लोहाराकडून बुडाला लोखंडी कडे बसवून घेतले. त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, आपल्या जुन्या लुगड्याची घडी माझ्या बेचक्यात घट्ट बांधली, दांड्याला ओरखडा पडू नये म्हणून. पुढे बाभूळ गेली, शेतही गेले. त्या बांधाचे म्हणाल तर आता मीच काय ती उरले आहे.

आमच्या गावची पालखी दर चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईला पायी जाते. शेवटच्या दिवसाची मजल सगळ्यांत अवघड. सकाळी खोपोली सोडायची, बोरघाट चढायचा, खंडाळ्याला जेवायचे आणि दिवस कलायच्या आत कार्ल्याचा डोंगर गाठायचा. नियम एकच, पण कडक. मुक्कामाच्या चौरंगावर बसेपर्यंत पालखी भुईला टेकवायची नाही. म्हणून वाटेतल्या विसाव्याला दोन काठ्या लागतात. पुढच्या दांड्याखाली गोटीरामांच्या जोडीने चालणाऱ्या दत्तूकाकांची काठी, मागच्या दांड्याखाली मी. ती सागाची, गुळगुळीत, जरा शिष्टच आहे. मला बाभळीची म्हणून हिणवते. पण चढावर सारा भार मागे येतो, आणि तिथे बाभूळच लागते, हे तिलाही ठाऊक आहे.

गोटीरामांनी मला कितीतरी वर्षे घाटातून नेले. चैत्र जवळ आला की ते मला तेल लावत. परत आल्यावर मालतीबाई दारातच त्यांचे पाय गरम पाण्याने धुवत, हळद लावत आणि त्या पायांवर डोके ठेवत. चालून आलेल्याचे पाय आईचे होतात, असे आमच्या गावात मानतात. मग उरलेले पाणी माझ्या बुडाच्या कड्यावर ओतायचे. माझेही पाय धुतले जात असत, मित्रांनो.

बाकीचे वर्ष मात्र माझे हाल कुत्रा खात नसे. गोटीरामांची सून निशिगंधा गॅलरीतल्या उंच दांडीवर कपडे सरकवायला मला वापरी. देवीचा भार पेलणाऱ्या डोक्यावर ओले टॉवेल लटकत. पण बिचारी मनाने चांगली, काम झाले की पुसून ठेवायची. मी रुसत नव्हते. चैत्र यायचाच होता.

दोन चैत्रांपूर्वी गोटीरामांचे गुडघे गेले. मजल झेपणार नाही हे त्यांना कळले, तेव्हा त्यांनी मुलाला, निशिगंधाच्या नवऱ्याला, हरेशला बोलावून मला त्याच्या हातात दिले. हरेश महाप्याला एका कंपनीत काम करतो. दिवसभर गार खोलीत खुर्चीवर बसायचे काम. पण बापाची जागा आपण चालवायची, याचा त्याला मनापासून अभिमान वाटला. त्याने अनवाणी चालायचे जाहीर केले आणि सोसायटीत तशी बातमीही पसरवली. गोटीराम फार बोलणारे नव्हेत. एवढेच म्हणाले, "काठी तुजी नाय, पालखीची हाय. तू बसलास तरी ती उबी रायली पायजे."

हरेशने मान डोलावली. आपण मान डोलावतो ना, तशीच.

खोपोली सोडली तेव्हा ऊन कोवळे होते. घाटाची चढण सुरू झाली आणि डांबर तापू लागले. हरेशच्या टाचेला आधीच फोड आले होते. तो हळूहळू मागे पडला. तरुण पोरे बँजोच्या तालावर पुढे नाचत होती, मध्ये पालखी, मागे बाया गाणी म्हणत होत्या, आणि साऱ्यांच्या मागे आम्ही दोघे. मी त्याला टेकायला झाले. ते माझे काम नव्हे, पण त्याची दया येत होती म्हणून मी कुरकुर केली नाही.

तेवढ्यात पाण्याचा टेम्पो शेजारी थांबला. चालवणारा अभय गावातलाच. तो हसून म्हणाला, "भाऊ, बसा ना. पुढच्या वळणावर उतरा. कोन बघतंय?"

हरेशने पुढे पाहिले. पालखी वळणाआड गेली होती. तो चढला आणि मला पाण्याच्या कॅनांच्या मधोमध आडवी टाकली. पुढच्या वळणावर उतरायचेच होते त्याला, खोटे कशाला सांगू. पण बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. अभयने पालखी मागे टाकली, घाटात गाड्यांची रांग होती, त्याला मध्ये थांबताच आले नाही. टेम्पो थांबला तो एकदम खंडाळ्याला, जेवणाच्या मांडवाशी.

मी कॅनखाली पडून होते. मला ओरडता आले असते तर सारा घाट दणाणला असता. कारण खाली शिंग्रोबाच्या देवळाशी पहिला विसावा असतो, आणि मागच्या दांड्याखालची माझी जागा रिकामी होती.

हरेश जागा झाला आणि पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरला. खाली परत जावे तर सगळ्यांना समोरून सामोरे जावे लागणार. तो एका टपरीच्या आडोशाला उभा राहिला. पालखी वर आली, पुढे गेली, तेव्हा गुपचूप मागच्या बायांत मिसळला.

तिथेच त्याला बायांच्या बोलण्यातून कळले. मागची काठी नाही म्हणून दत्तूकाकांनी आपली काठी पुढे लावली आणि मागचा दांडा स्वतःच्या खांद्यावर धरून ठेवला. सगळे बसले, पाणी प्यायले, सावलीत टेकले. काका उभेच. पोरांनी खांदा द्यायला धाव घेतली, तर त्यांनी त्यांनाच दटावून खाली बसवले. पुढचा चढ तुम्हाला ओढायचा आहे, म्हणाले. पुढच्या प्रत्येक विसाव्यालाही तसेच झाले. एक काठी नव्हती, म्हणून एका माणसाची काठी झाली.

दत्तूकाकांची नजर हरेशवर पडली. त्यांचा सदरा खांद्यावर ओला होता, आणि तो सगळा घाम नव्हता.

"आलास? पाय बरं हायत ना?" त्यांनी विचारले.

"हो काका. मागंच होतो," हरेश म्हणाला.

काकांनी मला त्याच्या हातातून घेतले, माझ्या बेचक्यातली घडी सारखी केली आणि दांड्याखाली उभी केली. जेवणे होईपर्यंत मी भार पेलला. पण मित्रांनो, त्या दिवशी तो मला पेलवत नव्हता. मी लाकूड आहे, मला लाज कशी वाटेल, असे तुम्ही म्हणाल. दुसऱ्याच्या खांद्याची साल आपल्यापायी गेली की लाकडालाही वाटते.

कार्ल्याच्या पायऱ्या हरेश चढला. गाभाऱ्यासमोर सगळ्यांनी जयघोष केला, त्याने तोंड नुसते हलवले. आईकडे मान वर करून त्याला बघवेना.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. दारात मालतीबाई पातेल्यात गरम पाणी आणि वाटीत हळद घेऊन बसल्या होत्या. शेजारी खुर्चीवर गोटीराम. मुलाने जागा चालवली, या आनंदात मालतीबाईंनी इरकल लुगडे नेसले होते. त्यांनी हरेशचा पाय हातात घेतला, पाणी ओतले आणि टाचेचा फोड दिसताच त्यांचे डोळे भरले. नेमके तेच त्याला सोसले नाही. त्या डोके टेकवायला वाकल्या आणि हरेशने पाय मागे ओढून घेतला.

"आई, नको. मी घाट चाललोच नाय. टेम्पोत बसलो."

निशिगंधा दाराशी थबकली. हरेश बापाच्या बोलण्याची वाट पाहत होता. रागावतील, शिव्या देतील, मग मोकळे वाटेल, असे त्याला वाटले असावे.

गोटीराम शांतपणे म्हणाले, "पाय थकलं तं बसायचा. मी पन एकदा बसलेलो हाय, टरकात."

हरेशने सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत गोटीरामांनी विचारले, "काठी कोनाच्या हाती दिलेलीस?"

हरेशने माझ्याकडे पाहिले. गोटीराम उठून, भिंतीला धरत धरत आत गेले. मालतीबाईंनी पातेले उचलले. माझे कडे त्या दिवशी कुणी धुतले नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही.

हरेश पायरीवरून उठला, आईच्या हातून ते पातेले आणि हळद घेतली, मला काखेत मारले आणि दत्तूकाकांचे घर गाठले. काका पालथे पडले होते, खांद्यावर हळदीचा लेप. हरेशने त्यांचे पाय धुवायला घेतले. धुता धुता सगळे सांगितले.

काका उशीत तोंड ठेवूनच म्हणाले, "आमाला वाटला, तुला चक्कर आली. विसावा सरल्यावर पालखी पोरांच्या खांद्यावर देऊन दोन वलना खाली उतरून बघून आलो तुला."

खांद्याचे हरेशला ठाऊक होते. तापल्या रस्त्यावर कुणी आपल्यासाठी उलटे चालत गेले, हे आता कळले. तो काकांच्या पायांवर डोके ठेवून रडला. काकांनी त्याला रडू दिले. शेवटी म्हणाले, "काठी माज्याकडं नको ठेवू. तुज्याच घरान ऱ्हाऊ दे. फुडच्या साली तूच आन."

त्या वर्षभर हरेश संध्याकाळी तळोज्याच्या रस्त्याने पायी चालायचा. मला सोबत न्यायचा, पण माझ्यावर टेकायचा नाही. कपडे सरकवायला निशिगंधाने प्लास्टिकची काठी आणली. मला ओल्या टॉवेलांची सवय झाली होती, तरी बरे वाटले.

गेल्या चैत्रात पुन्हा घाट आला. या खेपेला निशिगंधाही बायांबरोबर चालत होती. शिंग्रोबाच्या विसाव्याला हरेशने मला दांड्याखाली लावले आणि दत्तूकाकांना हाताला धरून सावलीत बसवले. पुढच्या विसाव्यालाही तसेच. पण खंडाळा थोडका राहिला असताना त्याच्या पोटरीत असा गोळा आला की तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. पाण्याचा टेम्पो मागून येतच होता. हरेशने वर पाहिले. पालखी पुढे सरकत होती. त्याने निशिगंधाला हाक मारली आणि मला तिच्या हातात दिले. "पळ," म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नको."

निशिगंधा पळाली. साडीचा ओचा खोचून, धापा टाकत तिने पालखी गाठली, आणि विसाव्याची हाळी झाली तेव्हा मी माझ्या जागी होते. दत्तूकाकांनी मागे वळून पाहिले. हरेश कुठे, असे त्यांनी विचारले नाही. माझ्या बेचक्यावर हात ठेवला आणि खाली बसले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. दमलात तर खुशाल बसा, बसण्यात पाप नाही. मात्र बसण्याआधी आपल्या हातात काय आहे ते एकदा बघा. त्यावर दुसऱ्या कुणाचा विसावा असेल, तर ते आधी पुढच्याच्या हाती द्या. त्या दिवशी घरी आल्यावर हरेशने सांगून टाकले की घाटाचा शेवटचा चढ तो टेम्पोतून आला. गोटीरामांनी ऐकून घेतले, मालतीबाईंकडून तांब्या मागितला, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात देत खाली वाकून माझे कडे स्वतःच्या हाताने धुतले.