जड पाणी

मारेगावच्या वामनरावांनी बंब धाडला तो मोटरीच्या टपावर बांधून, आणि वर निरोपही धाडला. बंब बुडाशी गळतो, नीट करून घ्या आणि वैशाखात गंगीसोबत परत पाठवा. आता काय म्हणावं या माणसाला! थोरली सून पोटातल्या लेकरासकट गेली, तिच्या नावाचं पिंडदान नुकतं झालं, आणि यांना घोर लागला अंघोळीच्या पाण्याचा.

मेलीच्या जागी पाठची बहीण मागणं हे तसं रीतीतलंच, आणि पोरींच्या बापानं, भगवानरावांनी, होकारही देऊन टाकला होता. जावई बरा, जमीन काळी, आणि मुख्य म्हणजे नळाचं घर. विहिरीवर इंजिन, गच्चीवर टाकी, पुढच्या दारात तोटी. नेरकडच्या त्यांच्या खेड्यात बाया अजून दोर ओढून हाताची सालटं काढत होत्या, म्हणून थोरलीच्या, कोकिळेच्या लग्नात त्या नळाचं कोण कौतुक झालं होतं. आंदणात तांब्याचा बंब दिला तोही त्याच तोऱ्यात. गंगीही तिथं सुखात राहील, असं भगवानराव म्हणत होते.

त्यांची बायको तानाबाई, तिच्या गळी ते उतरत नव्हतं. कोकिळेची सासू तेरवीला आल्यागेल्याला सांगत होती, की सून भारी आळशी, दोन वर्षांत बंबाला हात लावला नाही, बसून बसून दुखणं ओढवून घेतलं. हे खरं असेल तर गंगीला भीती नव्हती, ती कामाला वाघीण होती. पण खोटं असेल तर? मग दुसरी लेकही आपल्याच हातानं तिथं नेऊन घालायची? तानाबाईच्या जिवाला नुसता चरका लागला होता.

बंबासोबत कोकिळेची पेटीही आली होती. तिच्यात दोन लुगडी, थोडी काकणं आणि एक कागदाची पुडी होती, वरचा दोराही न सोडलेली. तानाबाईनं पुडी ओळखली. दिवाळीला माहेरी आली तेव्हा कोकिळा चुलीपुढं बसून म्हणाली होती, "माय, तिथलं पाणी लय जड हाय वं." तानाबाई हसली होती. नळाचं पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही, एवढंच ना! तिनं खायच्या सोड्याची पुडी बांधून दिली आणि चिमूट चिमूट टाकत जा म्हणून सांगितलं. पोरगी पुडीकडं बघत राहिली होती, मग मुकाट्यानं तिनं ती कमरेला खोचली.

तीच पुडी जशीच्या तशी परत आली होती. म्हणजे कार्टीनं साधी डाळही मन लावून शिजवली नाही? विहीणबाई खरं बोलत होती तर. तानाबाईला मेलेल्या लेकीचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली, आणि तिनं पुडी परत पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी रामलाल तांबट अंगणात बसला. त्यानं बंबावर हातोडी मारली तर तांबं वाजलंच नाही, भिंतीवर मारल्यासारखा आवाज आला. बूड उघडलं तशी आतून पांढरी खापरं पडायला लागली, ज्वारीच्या भाकरीएवढी जाड. या थरापायी बुडाची आच पाण्याला पोचेना, म्हणून तांबंच जळून गेलं, असं तो म्हणाला.

भगवानराव म्हणाले, नळाचं पाणीच क्षाराचं, त्याला कोण काय करणार. रामलालनं मान हलवली. मारेगावचे कितीतरी बंब त्यानं उघडले होते, त्याच पाण्याचे, याहून कितीतरी जुने. एवढा थर त्यानं कुठं पाहिला नव्हता. पण हा बंब थंड होतो कधी? वणीकडं कापूस नेणारे गाडीवाले सगळे वामनरावांच्याच परसात अंघोळीला उतरतात, असं तो बोलता बोलता बोलून गेला.

तानाबाईनं एक खापर उचललं. लग्नात तिनं ते घर पाहिलं होतं. तोटी पुढच्या दारात, बंब पार मागच्या परसात, आणि मधे दोन चौक नि पायऱ्या.

"पाणी काही आपल्या पायानं बंबात चढत नाई, माह्या लेकीनं वाह्यलं ते," ती म्हणाली.

भगवानराव खाली बघू लागले. शब्द दिला आहे, सुपारी फुटली आहे, असं काहीतरी ते पुटपुटले.

"एक लेक देली तुमच्या शब्दाले. दुसरी देत नाई. बंब नीट करा आन् धाडून द्या. त्याच्यासंगं माह्या घरातून कोणी जाणार नाई."

दाराआड उभी असलेली गंगी तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि तानाबाईनं तिला रडू दिलं.

मग ती एकटीच आत पेटीपाशी जाऊन बसली. डाळीचं नव्हतीच बोलत पोरगी. तानाबाईनं पुडी मांडीवर घेतली.

"काय जड होते वं तुले, बाई?" तिनं विचारलं. दिवाळीला एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.